सुबरावअण्णांचे पांढरे देश

चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर पाणी शिरलं, त्या सकाळी खालच्या फ्लॅटमधले नवरा-बायको जिना चढून माझ्या दारात आले. बायकोच्या हातात देवांचं ताट. नवऱ्याच्या छातीशी जरीच्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मला वाटलं, दागिन्यांचा डबा असेल. म्हटलं, या, बसा. बायको बसली. नवरा कसला बसतोय, तो आपला भिंती चाचपत फिरतोय.

"प्लग कोठें आहे?"

"आधीं देव ठेवूं द्या," बायको म्हणाली.

"देव कोरडे आहेत ना? मग राहूं देत थोडा वेळ."

वीज गेलेलीच होती, पण माझ्याकडे इन्व्हर्टर आहे हे या गृहस्थांना बरोबर ठाऊक होतं. लुगडं सोडलं तर आत एक काळा खोका निघाला. कॉम्प्युटर! बायकोच्या लग्नातल्या लुगड्यात कॉम्प्युटर! मी कऱ्हाडची, तोंडाची फटकळ. विचारलंच, "अहो, कपडेलत्ते, भांडीकुंडी काही आणलं नाहीत?"

"सगळं जग आणलें की," ते म्हणाले आणि वायर जोडायला खाली बसले.

टी. सुबरावांशी माझी ओळख झाली ती अशी. बँकेच्या बदलीने मी चेन्नईत आले त्याला तेव्हा बरेच महिने झाले होते. मराठी बोलायला माणूस मिळत नाही म्हणून मी रोज फोनवर बहिणीचं डोकं खात होते, आणि माझ्याच पायाखाली, दोन मजले खाली, मराठी चाललं होतं! पण कसलं मराठी. तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांचं. शब्द पोथीतले, हेल तमिळ, आणि प्रश्न विचारताना शेवटी एक 'आ' लावायचा. "जेवण झालें-आ?" माझं मराठी ऐकून अण्णा म्हणाले, "तुमचं पेपरांतलं आहे. आमचं घरांतलं." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पाणी ओसरेपर्यंत दोघं माझ्याकडे राहिली आणि राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांना अण्णा म्हणू लागले, रुक्कूबाईंना त्यांच्या पद्धतीने वैनी. मी त्यांची कऱ्हाडबाई झाले.

अण्णा शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसातून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. डावा डोळा काचबिंदूने ऑफिसात असतानाच गेला होता आणि उजवा चालला होता. "नळींतून बघतों मी," असं ते सांगत. समोरचं घड्याळ दिसायचं, पायाजवळचं स्टूल दिसायचं नाही. गुडघे कायम काळेनिळे. दाणा टिपताना कोंबडी मान वाकडी करते ना, तशी मान करून ते तुमच्याकडे बघत आणि चेहऱ्याचा एकेक तुकडा गोळा करत. खिशात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. थेंब घातल्यावर डोळा मिटून बसायचे, आणि तेवढ्या वेळात कोणी बोललं तर चिडायचे.

त्या खोक्यात त्यांचे सिनेमे होते. देशोदेशींचे, आयुष्यभर जमवलेले. आणि त्या सिनेमांवर त्यांनी स्वतः बसवलेलं एक पान होतं, घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर उघडणारं. उघडलं की जगाचा नकाशा. ज्या देशाचा सिनेमा पाहून झाला तो देश हळदीसारखा पिवळा. न पाहिलेला देश पांढरा. देशावर बोट ठेवलं की तिथले सिनेमे खाली उलगडायचे. बस, इतकंच. पण त्या माणसाचा सगळा जीव त्यात होता.

नियम एकच. सिनेमा जवळ आहे म्हणून देश रंगत नाही. स्वतः, शेवटपर्यंत, पाहिला पाहिजे. कोणी म्हणालं, मी अमुक देश फिरून आलो, की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "डोळ्यांनीं पाहिलांत, की मोबाईलनं?" मी एकदा म्हटलं, "अण्णा, हे सगळं आता इंटरनेटवर कुठेही ठेवता येतं. घरात हा खोका कशाला घुरघुरत ठेवायचा? पाणी आलं की पळापळ." तर म्हणाले, "रोजच्या जेवणाचीं भांडीं तुम्हीं शेजाऱ्याकडे ठेवतां-आ? त्यानं दार लावून घेतलें तर?"

आणि हट्टी किती! सिनेमा कुठल्या देशाचा हे ते पान बाहेरच्या यादीवरून आपोआप ठरवायचं. एखादा आफ्रिकेतल्या खेड्यातला सिनेमा, पण पॅरिसच्या कंपनीने काढलेला, की पानावर फ्रान्स पिवळा व्हायचा. अण्णा संतापायचे. "पैसा कोणाचा तें कोण विचारतें? धूळ कोठली तें बघा!" मग मान वाकडी करून, पडद्याला नाक लावून तो सिनेमा उचलायचे आणि त्याच्या धुळीच्या देशात नेऊन ठेवायचे. जे देश आता उरलेलेच नाहीत, मोडून त्यांचे दुसरे झाले, त्यांचे सिनेमे नकाशात बसेनात. त्यांच्यासाठी त्यांनी नकाशाखाली एक वेगळा कप्पा केला होता. मी म्हटलं, आता ज्या देशात ती जागा आहे तिथे टाका की. "आम्हां तंजावरवाल्यांसही असंच टाकलें," असं म्हणून हसले.

डोळ्यात शिल्लक होतं ते चित्रापुरतं. सिनेमाखालची अक्षरं त्यांना झेपेनाशी झाली. नळीतून चित्र बघायचं की अक्षरं, दोन्ही होत नसे. मग वैनी आल्या. वैनींचं शिक्षण तमिळ शाळेत. मराठी बोलायची घरात, वाचायची नाही. म्हणून अण्णांनी मशीनकडून इंग्रजी ओळी तमिळ करून घेतल्या. वैनी त्या भराभर वाचायच्या, आणि तोंडातून निघायचं मात्र घरातलं मराठी.

"सरळ तमिळच वाचून दाखवा ना," मी म्हटलं. "अण्णांना येतं की."

"ह्यांच्याशीं तमिळ कसं बोलूं?" वैनी लाजल्या. "लग्न झाल्यापासून बोललें नाहीं."

अशी ती रविवारची दुपार असायची. कॉफीचे पेले, चकलीसारखे मुरुक्कू, पडदे ओढलेले. मी आपली कोपऱ्यात. समोर नॉर्वेचे कोळी बर्फात जाळी ओढतायत आणि वैनी म्हणतायत, "तो म्हणतो, अरे रामा, दोर सोडूं नकोस. दुसरा म्हणतो, हात बधिर झाले." इराणातली सासू तंजावरच्या सासूसारखी बोलायची. मशीनचं तमिळ काहीतरी भलतंच असलं की वैनी स्वतःच खुदकन हसायच्या, आणि अण्णा म्हणायचे, "हसूं नकोस गं, माणूस रडतोय तेथें." मला सिनेमा कळो न कळो, त्या दोघांना ऐकायला मी जायचे. चेन्नईतली माझी सगळ्यात सुखाची वेळ ती.

मग एका रविवारी पडद्यावर काळे कपडे घातलेले लोक दिसले. भुरभुर पाऊस, हातात फुलं, मध्ये खणलेला खड्डा. मला तमिळ वाचता येत नाही, पण डोळे आहेत. अण्णांनी मान वाकडी केली.

"काय चाललें आहे?"

"लग्न," वैनी म्हणाल्या.

"काळे कपडे?"

"त्यांच्यांत तसंच असतंय."

मी वैनींकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. अण्णा समाधानाने मागे टेकले आणि म्हणाले, "पावसांत लग्न. चांगलं असतंय म्हणतात." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

कॉफीच्या पेल्यांचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. "वैनी, हे काय?"

त्या नळ सोडून पेले घासत राहिल्या. "रात्रीं जागेच असतात हो. हात डोळ्यासमोर धरतात, बोटं दिसतात-आ म्हणून बघतात. अशा माणसाच्या कानांत मी दर रविवारीं एक मढं घालूं? ह्या लोकांचे सिनेमे तरी कसे! कोणी ना कोणी मरतंयच. एक मूल बुडतं, एक बाप फाशीं जातो. मी काय करतें, त्यास गांवीं पाठवतें. मामाकडे. कोणाचं काय बिघडतंय?"

त्यांचं काय चुकलं हे मला तरी तेव्हा सांगता आलं नसतं. नवरा-बायकोच्या मध्ये मी कोण? आणि अण्णा त्या दिवसांत खरंच शांत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, की उजवा डोळा आहे तिथेच थांबेल, थेंब चालू ठेवा. म्हणजे डॉक्टरांनी वैनींना सांगितलं होतं. अण्णा तपासणीनंतर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसलेले असायचे, डॉक्टर बाहेर वैनींशी बोलायचे, आणि वैनी आत येऊन अण्णांना सांगायच्या.

डोळा थांबणार म्हटल्यावर अण्णांनी बेत आखला. जवळचे, घरातल्या खोल्यांत घडणारे सिनेमे आधी. ज्यांत नुसतं आभाळच आभाळ आहे, गवत आहे, वाळवंट आहे, ते देश शेवटी. मंगोलिया, चिली, आइसलँड. मी एकदा हट्ट धरला, आज मंगोलिया लावा. तर लहान मुलाने खाऊ लपवावा तसे म्हणाले, "छे छे! तो राहूं दे. तो सावकाश बघायचा. मोठा टीव्ही घेणार आहें मी त्यासाठीं."

ते सगळं एका फोनने संपलं. फोन सेल्वमचा. हा अण्णांचा ऑफिसातला जुना ज्युनियर, अंबत्तूरला राहतो, खोका बिघडला की बसने येऊन दुरुस्त करून जातो. अण्णांना फोनवरचं दिसत नाही म्हणून ते नेहमी स्पीकर लावायचे. मी तिथेच मुरुक्कू खात बसलेले. सेल्वमने अण्णांकडून नेलेला एक सिनेमा पाहिला होता.

"सार," तो तमिळमध्ये म्हणाला (ऐकून तेवढं मला आता कळायचं), "तो मुलगा शेवटी विहिरीत बुडतो ना, मला जेवण गेलं नाही सार."

"कोणता मुलगा?" अण्णा म्हणाले. "मुलगा मामाकडे गेला."

"मामा? मामा कुठला सार त्यात?"

अण्णांनी फोन ठेवला. घरात फक्त खोक्याची घुरघुर. वैनी उभ्या होत्या, हातात पदराचं टोक. मला तिथून उठून जायचं होतं.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"मोजलें नाहींत."

"कऱ्हाडबाई, नकाशा लावा. मज बटन दिसत नाहीं."

मी नकाशा लावला. टीव्हीभर पिवळं जग. अण्णा ओळीने एकेक देशाचं नाव घेऊ लागले. पाठ होते त्यांना. नॉर्वे? "खरा," वैनी म्हणाल्या. इराण? "खरा. फक्त ती आजी..." "फक्त म्हणजे काय? पांढरा करा." मी दाबलं, इराण पांढरा झाला. पेरू? "त्यांतला बाप..." पांढरा. पोलंड? त्यांनी मान हलवली. "मान दिसत नाहीं मज, तोंडानं बोल!" अण्णा ओरडले. त्या माणसाला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वैनी रडत रडत हो-नाही सांगत गेल्या. मी दाबत गेले. माझ्याच हाताने मी त्यांचं जग पुसत होते, आणि सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही संताप आला होता. अहो, एवढं काय आहे त्यात! बाईने प्रेमापोटी चार मेलेली माणसं जिवंत ठेवली, त्याची ही चौकशी?

"अण्णा, पुरे झालं आता," मी म्हटलंच.

ते थांबले. मला वाटलं माझं ऐकलं. पण ते माझ्याकडे वळले नव्हते. वैनी जिथे उभ्या असाव्यात तिकडे त्यांनी तोंड केलं होतं. आवाज एकदम खाली आला.

"रुक्कू. आणि डॉक्टर?"

वैनी खाली बसल्या. फरशीवरच.

"डॉक्टर काय म्हणाला होता? तेंही तूंच सांगितलेंस."

"थांबणार नाहीं म्हणाला," वैनी म्हणाल्या. "दुसराही जाणार. पोंगलपर्यंत राहिला तरी पुष्कळ म्हणाला. जें बघायचं असेल तें बघून घेऊं द्या म्हणाला."

पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेलं होतं. दारातली रांगोळी पुसून उन्हाळा लागला होता.

मला वाटलं परत ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग मी मंगोलिया ठेवून कां दिला गं? पाहिला असता ना मी. तेव्हां दिसत होतें मज."

आजही हे वाक्य मला स्वयंपाक करताना, बसमध्ये, कुठेही आठवतं. वैनी नुसत्या "चुकलें, चुकलें" म्हणत होत्या, आणि ते "कां सांगितलें नाहींस" एवढंच.

पुढचे कित्येक रविवार तिथे सिनेमा नव्हता. दोघं एका घरात राहत होती, जेवत होती, थेंब वेळेवर पडत होते, पण बोलणं कामापुरतं. मी खाली जाऊन दोघांनाही झापलं. अण्णांना म्हटलं, "उरलंय तेवढ्यात तरी बघा. रुसून कोणाचा डोळा राहतो का?" त्यांना ते पटलं असावं. सेल्वमला बोलावून मंगोलिया लावला. अण्णा टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली. थोड्या वेळाने म्हणाले, "उजेड आहे. हिरवं आहे की निळं?" सेल्वमने तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बंद कर सेल्वम. पांढराच राहूं दे."

सेल्वम हुशार मुलगा. त्याने सुचवलं, वैनींच्या नावाचा वेगळा नकाशा करू. त्यांनी तर सगळे देश पाहिलेत, सगळे रंगतील. मला ते फार आवडलं. वैनींना मात्र पटेना.

"मी पाहिलें कोठें?" त्या म्हणाल्या. "मी खालचीं अक्षरंच वाचत होतें. वर काय चाललें होतें तें बघायला सवड कोणास होती? एखादं अक्षर चुकलें असतें तर ह्यांना कळलें नसतें."

म्हणजे बघा, इतके रविवार ती दोघं सिनेमासमोर बसली. एकाला धड दिसत नव्हतं आणि दुसरीने वर मान केली नाही.

मग माझी बदली आली. निरोप घ्यायला मी गेले तो रविवारच होता, ठरवून नव्हे. दार उघडंच होतं. आत पडदे ओढलेले, टीव्ही चालू. मला बरं वाटलं. वैनींनी हाताने बस म्हणून खुणावलं. जॉर्जियाचा सिनेमा आहे म्हणाल्या. अण्णांना आता काही दिसत नव्हतं. पूर्वी वाकडी असायची ती मान सरळ झाली होती, आणि त्यामुळे ते मला अनोळखी वाटले.

वैनींनी वाचायला सुरुवात केली, तसा अण्णांनी हात वर केला.

"वाचूं नकोस. अक्षरं काढून टाक. वर बघ आणि काय दिसतंय तें सांग."

अक्षरं मी काढली. वैनी गोंधळल्या. नुसत्या चित्राकडे कसं बघतात हे त्यांना माहीतच नव्हतं जणू. पडद्यावर कोणी परक्या भाषेत बोलत होतं, आता त्याचा अर्थ तिघांपैकी कोणालाच कळत नव्हता.

"खोली आहे," त्या म्हणाल्या. "लहान. खिडकी आहे. बाहेर बर्फ पडतंय."

"बरं."

"खाटेवर एक म्हातारा आहे. उशाशीं त्याची बायको बसलीय. बायकोच असेल. लोकरीचं काहीं विणतेय. हात भराभर चाललेत तिचे."

"बरं. मग?"

"मग... विणायचं थांबलीय. त्याच्या तोंडाकडे बघतेय. खालीं वाकून बघतेय."

अण्णा पुढे सरकले. "निजलाय-आ तो?"

वैनींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. या वेळी मी त्यांना कशाने मदत करणार होते? त्यांनी परत पडद्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"नाहीं," त्या म्हणाल्या. "मेलाय."

अण्णांनी मान हलवली.

"आणि बायको?"

"बसलीय. तेथेंच."

"रडते-आ?"

"अजून नाहीं."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि चाचपत चाचपत त्यांनी वैनींचा हात शोधला. "सांग पुढें."